एक वीत वाकणारी तलवार

आमच्या वेबसाइटवर लिहिलं आहे, ‘व्हिडिओ गेममधल्या लांब तलवारींच्या कार्यक्षम प्रतिकृती.’ शब्द माझ्या भाचीचे. गिऱ्हाईक विचारतं, शोभेच्या तलवारीत आणि कार्यक्षम तलवारीत फरक काय हो? फरक असा, की शोभेची तलवार लोक भिंतीवर टांगतात आणि कार्यक्षम तलवारही भिंतीवरच टांगतात. फक्त पाहुण्यांना ‘ही खरी आहे बरं का’ असं सांगता येतं. त्या एका वाक्यासाठी आम्ही दोन-दोन महिने आगीपुढे बसतो.

वडिलांच्या वेळी या भट्टीत कात्र्या व्हायच्या, खाटकाच्या सुऱ्या व्हायच्या, गवत कापायची पाती व्हायची. ज्याला काहीतरी कापायचं असायचं तो माणूस यायचा. आता ज्याला आयुष्यात काहीच कापायचं नाही तो येतो. भाची, म्हणजे माझ्या दादाची मुलगी, लहानपणापासून पडद्यासमोर बसून राक्षस मारायची. आम्ही दोघं तिला म्हणायचो, याने पोट भरणार आहे का? भरलं. तिचं, दादाचं आणि माझंही. तेव्हापासून मी तिला उपदेश करणं सोडून दिलं.

गेममधली तलवार ज्याने काढलेली असते, त्याने जन्मात पेन्सिलीपेक्षा जड काही उचललेलं नसतं. पातं दाराच्या फळीएवढं रुंद. मधे भोकं, का तर छान दिसतात. मुठीवर कवटी, कवटीच्या डोळ्यांत खडे, आणि मुठीजवळ उलटे काटे, म्हणजे शत्रू मेला तर मेला, नाहीतर धरणाऱ्याची मांडी आहेच. तशीच्या तशी केली तर आठ किलोची होईल. मग आम्ही ती बाहेरून तशी दिसेल आणि हातात माणसासारखी वागेल अशी दीड किलोवर आणतो. एकाने तरीही तक्रार केली. गेममध्ये ही उचलली की अंगात दहापट बळ येतं, मला काही आलं नाही म्हणे. उत्तर मी लिहिणार होते, भाचीने लिहू दिलं नाही.

तलवार कितीही वेडीविद्री असो, दुकानाचा एक नियम मात्र सरळ आहे. वडिलांनी घातलेला. कुठलंही लांब पातं दाराबाहेर जायच्या आधी गुडघ्यावर टेकवून टोक एक वीत वाकवायचं. सोडल्यावर सरळ झालं तर जाईल. वाकलेलंच राहिलं तर कच्चं, तुटलं तर जळकं. दोन्ही भंगारात. बोटभर वाकवून ‘झालं बुवा’ म्हणणं आमच्यात चालत नाही.

आणि हे सगळं ठरतं पाणी देताना. म्हणायचं पाणी, बुडवायचं तेलात. पातं भट्टीत तापवायचं आणि नेमक्या रंगाला आलं की बाहेर काढून तेलात घालायचं. तो रंग लाल आणि केशरी यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि आला आला म्हणेपर्यंत जातो. आधी काढलं तर कच्चं. उशीर झाला तर वरून फक्कड आणि आतून ठिसूळ. उजेडात तो रंग कळत नाही. उजेडात चांगलं तापलेलं लोखंडही थंडच वाटतं, आणि माणूस आणखी तापवत बसतो. म्हणून पाणी द्यायच्या वेळी आम्ही खिडक्या लावतो आणि दिवे घालवतो. गेली सहा वर्षं तो रंग मी बघते.

कारण दादाला तो दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेकडेचं दिसेल, मधलं धुकं वाढत जाईल, चष्म्याचा उपयोग नाही. दादा म्हणाला, ‘बरं.’ घरी येऊन कुणाला काही बोलला नाही. मी बरोबर गेले होते म्हणून मला माहीत. हातोडा तो अजूनही असा चालवतो की बघत राहावं, हाताला सगळं पाठ आहे. पण हाताला रंग कळत नाही. पुढच्याच आठवड्यात एक पातं पाण्याला आलं. दादा चिमट्यात धरून भट्टीपुढे उभा. रंग आला. तो हलेना. ‘काढ’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मोठा भाऊ, आणि गिऱ्हाईक दारात उभं. एवढ्यात मला खोकला आला. खरंच आला, धुराने. दादाने पातं काढलं आणि तेलात घातलं. ते पातं एक वीत वाकलं आणि सरळ झालं.

तेव्हापासून मी खोकते. त्यावर आम्ही दोघं एका शब्दाने कधी बोललो नाही. गिऱ्हाइकं हळहळतात, तुमच्या बहिणीचा खोकला किती जुना! एका भल्या बाईने घरचं औषध आणून दिलं. भाचीने तर मला ओढत नेऊन दोनदा छातीचे फोटो काढून घेतले. स्वच्छ निघाले. इतकी ठणठणीत खोकणारी बाई त्या डॉक्टरने पाहिली नव्हती.

पात्यावर ठसा दादाचा. वेबसाइटवर दादाचा फोटो, खाली ‘मास्तर’. माझ्याविषयीही एक ओळ आहे, नाही असं नाही. ‘घरातली मंडळीही हातभार लावतात.’ मी मंडळी. मला काय हवं होतं? फार नाही. त्याने एकदा म्हणावं, पाणी ही देते. गावभर ओरडत नको, माझ्या एकटीच्या कानात सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सहा वर्षं वाट बघितली. वाट बघून बघून माणसाची जीभ कशी होते, ते तुम्ही ऐकताच आहात.

मग ‘अंतिम शपथ’ आली. हे तलवारीचं नाव. गेमच्या कंपनीने स्वतः मागवली. गेम बाजारात येण्याच्या दिवशी मोठा समारंभ, तिथे एक तलवारबाज मंचावर ती फिरवणार, जाड दोर, ओंडके वगैरे तोडून दाखवणार, आणि पहिल्या रांगेत लोक बसणार. शिवाय तलवार घडतानाची फिल्म करणार. भाची तीन दिवस जमिनीवर नव्हती. दादाने दाढी केली.

फिल्मवाले आले ते पाणी द्यायच्या दिवशी. एक दिग्दर्शक, एक कॅमेरावाला आणि कानांवर उशांएवढे हेडफोन लावलेला एक आवाजवाला. दिग्दर्शकाने भट्टीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोळे मिटले.

‘मला इथे एकटेपणा हवाय,’ तो म्हणाला. ‘अग्नी, पोलाद आणि एक माणूस.’

‘आणि पातं घासणार कोण, अग्नी?’ मी विचारलं.

‘आपण कोण?’

‘मंडळी,’ मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. त्याने चार मोठे दिवे आणवले आणि भट्टीवर रोखले. लग्नाच्या मांडवात नसतो एवढा उजेड. मी म्हटलं, अहो, हे काम अंधारात होतं. तो गोड हसून म्हणाला, ‘ताई, अंधारात कॅमेऱ्याला कसं दिसणार?’ मी दादाकडे बघितलं. आता हा सांगेल, की दिवे काढा नाहीतर चालू लागा. एरवी खिडकीची फट राहिली तर डोक्यावर घर घेणारा माणूस!

‘असू द्या,’ दादा म्हणाला. ‘चालेल.’

कॅमेरा समोर आला की माणसाच्या अकलेचं काय होतं कुणास ठाऊक. मी माझ्या नेहमीच्या जागी, भट्टीच्या डाव्या बाजूला, जाऊन उभी राहिले. तोंडातून शब्द नाही काढला, फक्त घसा साफ केला. तेवढ्याने आवाजवाला विंचू चावल्यासारखा उडाला.

भाची घाईघाईने म्हणाली, ‘आत्याला जुना खोकला आहे.’

‘मग त्या बाहेर बसतील का? मायक्रोफोन फार नाजूक आहे हो.’

मी पुन्हा दादाकडे बघितलं. आता तरी. याला ठाऊक आहे माझा खोकला म्हणजे काय ते. जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. दादा फडक्याला हात पुसत होता. मान वर न करता म्हणाला, ‘जा बारके, बाहेर बस. थोडा वेळच आहे.’

गेले. अंगणाच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. काच लावलेली होती, पण आतलं सगळं दिसत होतं. दादाने पातं भट्टीत घातलं. मी मनात आकडे मोजायला लागले. रंग मला त्या उजेडात दिसत नव्हता, पण इतक्या वर्षांत आकडे पाठ झालेत. वेळ झाली. दादा हलला नाही. वेळ होऊन गेली. तो तसाच उभा, मान जरा डावीकडे कलती. पात्यावरून पापुद्रे सुटायला लागले. आता काढ रे, आता तरी काढ!

काचेवर हात आपटता आला असता. दार उघडून खोकता आलं असतं. मी केलं नाही. खोटं कशाला बोलू, माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, थोडाच वेळ आहे ना? एकटा माणूस हवाय ना? होऊन जाऊ दे. शेवटी दादाने पातं काढलं आणि तेलात घातलं. ज्वाळा भपकन छातीएवढी उठली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. पातं सरळ निघालं, कानस लावली तर घसरत होती, म्हणजे कडकही झालेलं, वरून खोट काढायला जागा नाही. कंपनीतर्फे त्याच वेळी मुठीकडच्या भागावर, हेच ते पातं म्हणून, नंबर ठोकला गेला आणि भाचीने जगाला कळवून टाकलं, की मास्तरांनी आज एकट्याने पाणी दिलं.

त्या संध्याकाळी दादा शीळ घालत होता. मास्तरांची शीळ मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. भाची जवळ नाही असं बघून मी म्हटलं, ‘दादा, परत एकदा भट्टीत घालू या का? जरा जास्त तापलं असेल.’

‘नंबर पडलाय. आता परत घातलं तर का घातलं ते सांगावं लागेल,’ तो म्हणाला आणि शीळ थांबली. ‘चांगलं निघालंय की.’

मी काय सांगणार होते? खिडकीतून बघत होते आणि मुद्दाम हूं की चूं केलं नाही, असं? मग पाण्यानंतरचा मंद आचेचा शेक देऊन झालेलं ते पातं मी आठ दिवस घासलं. पट्ट्यावर घासलं, दगडावर घासलं, हाताने घासलं. आरशासारखं झालं. मूठ बसली, कवटी बसली, खडे बसले. जितकी ती सुंदर होत गेली तितकी मला तिची भीती वाटायला लागली. जेवताना डोळ्यांसमोर पहिली रांग यायची. पाती कशी तुटतात ते मी पाहिलंय. तुटलेला तुकडा खाली पडत नाही, पुढे जातो.

नवव्या दिवशी फिल्मवाले परत आले. अंगणात कॅमेरा लागला. आता फक्त नियमाचं वाकवणं राहिलं होतं.

‘जरासंच वाकवा मास्तर,’ दिग्दर्शक म्हणाला. ‘बोटभर पुरे. चित्रात छान दिसेल.’

दादाने तलवार गुडघ्यावर टेकवली. बोटभर वाकवली तर ती टिकेल, हे मला कळत होतं. टिकेल, खोक्यात बसेल, मंचावर जाईल. आणि एक वीत वाकवली तर तिथेच तुटेल, दादाच्या तोंडासमोर, ज्याला समोरून येणारा तुकडा दिसणारसुद्धा नाही.

‘दे इकडे,’ मी म्हटलं.

त्याने लगेच दिली. इतक्या लगेच, की मला नवल वाटलं. दिग्दर्शक ‘अहो, अहो’ करेपर्यंत मी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, टोक रिकाम्या भिंतीकडे केलं, तोंड फिरवलं आणि वाकवली. अर्धी वीत झाली नाही तोवर कडाड! पुढचा हातभर तुकडा भिंतीवर आदळून घरंगळत नालीशी गेला.

‘आत्या!’ भाची किंचाळली. ‘काय केलंस हे!’

‘बाईंनी जरा अतीच जोर लावला,’ दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला.

‘आवाज मात्र सुरेख आला,’ आवाजवाला म्हणाला. एकेकाला आपापल्या धंद्याचं असतं.

दादाने माझ्या हातातलं मोडकं पातं घेतलं. तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. चांगलं पातं तुटलं तर तिथे मऊ लागतं, बारीक राखेसारखं. इथे दाणे होते, साखरेएवढे. त्याने दोनदा अंगठा फिरवला.

‘जोर बरोबर लावला तिने,’ तो म्हणाला. ‘पाणी चुकलंय. जळलंय हे. ते मी दिलं होतं. एरवी बहिणीची मदत असते, त्या दिवशी नव्हती. तुम्हाला दुसरी करून देऊ.’

कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. ‘वा! कारागिराची नम्रता! सुंदर आलं, थांबवा.’

‘थांबवू नका,’ दादा म्हणाला. ‘परत घ्या. मी चुकीचं बोललो.’

‘नाही हो मास्तर, छान आलंय.’

‘छान आलं असेल, पण चूक आहे.’ दादा कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होता, त्याला तसंच दिसतं. ‘मदत नव्हे. मला सहा वर्षं रंग दिसत नाही. डोळे गेलेत माझे. रंग ती बघते. ती खोकली की मी पातं काढतो. सहा वर्षांत या दारातून जेवढी पाती बाहेर गेली, त्या सगळ्यांना पाणी तिने दिलंय. मी एकच दिलं. ते हे.’

भाचीने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘म्हणजे तो खोकला...’ एवढंच म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बिचारीने छातीचे फोटो दोनदा काढवले होते.

मला वाटलं होतं, हे कानावर पडलं की मी ताठ मानेने अंगणात फेरी मारेन. एक चांगलं झणझणीत वाक्यही तयार ठेवलं होतं. पण त्याचा तो भलतीकडेच बघणारा चेहरा पाहिला आणि मला रडूच फुटलं. पायरीवर बसून, लहान मुलीसारखी, नाक ओढत रडले. इतका राग सांभाळला, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही.

‘दादा, मी खिडकीतच होते,’ मी म्हटलं. ‘वेळ झाली ते मला कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘मी वाट बघत होतो.’

मग तो चाचपडत माझ्याशेजारी येऊन पायरीवर बसला. दिग्दर्शकाने वही काढली. हळूच म्हणाला, ‘फिल्ममध्ये माणूस दिसला की खाली तो कोण ते लिहितो आम्ही. मास्तरांचं ठरलेलंच आहे. यांच्या खाली काय लिहू? बहीण?’

‘तिच्या खाली मास्तर लिहा,’ दादा म्हणाला. ‘माझ्या खाली लिहा, भाऊ.’

दिग्दर्शकाने तसं लिहून घेतलं.